पुढच्या डाव्या चाकाचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. शॉकअप म्हणजे काय, असं तुमच्यातल्या निम्म्यांनी मनात विचारलं असेल. उरलेल्या निम्म्यांनी माहीत असल्यासारखं तोंड केलं असेल. या दुसऱ्या लोकांचा मला भारी तिटकारा आहे, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे, तेव्हा नीट ऐका.

गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते. दबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. थांबायचं कुठे हे तिला कळत नाही, कारण तिला अक्कल नाही. तिला ‘पुरे आता’ असं म्हणणारा मी. माझ्या पोटात तेल असतं, तेलात एक दांडा असतो, आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोकं असतात. त्या भोकांतून तेल सावकाश सरकतं आणि स्प्रिंगचा उत्साह जागच्या जागी मावळतो. हे काम कोणी केलं नाही तर तुमचे दात एकमेकांवर आपटतील. तरीसुद्धा गाडी पाहायला आलेला माणूस आधी बोनेट उघडतो, इंजिनाकडे बघून ‘वा!’ म्हणतो आणि जातो. माझ्याकडे बघायला खाली वाकावं लागतं, आणि वाकायची तयारी फार थोड्यांची असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही चार भावंडं. आम्हाला यंत्रात घालून खूप वेळ दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग एका बाईंनी प्रत्येकाच्या अंगावर ठोकून बरोबरची खूण केली आणि आम्हाला काळा रंग दिला. शॉकअपने देखणं दिसावं असं त्या काळी कोणाला वाटत नव्हतं. आम्ही चौघं एका बसक्या, दोनच माणसांच्या, गर्द हिरव्या स्पोर्ट्स कारला लागलो. पुढच्या डाव्या चाकावर मी.

गाडी घेतली कानाच्या डॉक्टरांनी. दिवसभर लोकांच्या कानात डोकावणारा तो माणूस गाडीत बसला की स्वतःचे कान उघडायचा. रेडिओ बंद, काच खाली. “पुढचा डावा आज जड वाटतोय,” असं ते म्हणायचे. पुढचा डावा म्हणजे मी. माणसाने माझी दखल घेतली ती तेवढीच, पण वर्षानुवर्षं घेतली. रविवारी ते स्वतः जमिनीवर फडकं अंथरून आडवे व्हायचे आणि माझ्या अंगावरचा चिखल पुसायचे. इंजिन मात्र ते नोकराकडून पुसून घ्यायचे, हे मी मुद्दाम सांगतो.

दरवर्षी एकदा जुन्या गाड्यांची घाटफेरी असायची. हिचा नियम लक्षात ठेवा, कारण तो लक्षात न ठेवल्यानेच पुढचा सगळा गोंधळ झाला. ही शर्यत नव्हती. चालकाच्या शेजारी बसणाऱ्याने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात धरायचा. गाडी ठरल्या वेळात घाट चढून वर न्यायची. वर गेल्यावर पेल्यात किती पाणी उरलं ते मोजायचं. ज्याचं जास्त उरलं तो जिंकला. वाऱ्यासारख्या पळायला बनवलेल्या गाड्यांनी एक पेला सांभाळत वर जायचं, यात त्या मंडळींना मोठी मौज वाटायची. मलाही वाटायची, कारण तो पेला खरं तर हातात नसून माझ्या डोक्यावर असायचा. डॉक्टर चालवायचे, त्यांची बायको पेला धरायची. त्यांच्या बैठकीतल्या कपाटात चषकांची रांग लागली.

पुढे बायको गेली. मग पेला थोरली धरू लागली. डॉक्टरांना दोन मुली, ही त्यातली मोठी. तिचा धंदा फिजिओथेरपीचा, म्हणजे अडकलेले खांदे आणि गुडघे वळवून माणसांना पुन्हा चालतं करायचं. आणखी काही वर्षांनी डॉक्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचा माणूस त्यांना ढगासारखा दिसायला लागला. पाठीचा एक मणकाही सरकला. गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि माझ्या अंगावर कोळ्यांनी संसार थाटले.

मग एका संध्याकाळी थोरली आली आणि म्हणाली, “बाबा, यंदा फेरीला जायचं. गाडी मी चालवते. पेला तुम्ही धरा.”

“माझ्या पाठीला झेपेल?”

“झेपेल असं चालवीन.”

 दुसऱ्या दिवसापासून दवाखाना संपला की ती यायची आणि ते आधीच हातात पेला घेऊन फाटकाशी उभे असायचे. रोज संध्याकाळी आजूबाजूच्या रस्त्यांवर सराव चालायचा. डोळे गेलेला माणूस पेल्यातलं पाणी कसं सांभाळतो? कानाने आणि पाठीने. चाकाचा आवाज बदलला की त्यांचा हात आधीच हलायचा. त्या माणसाला आता वाचता येत नव्हतं, पत्ते खेळता येत नव्हते, नातवंडांची तोंडं ओळखता येत नव्हती. ही एकच गोष्ट अशी होती की जी त्यांना अजून इतरांपेक्षा चांगली येत होती. ती त्यांना घाटावर जाऊन करायची होती.

मीही माझ्या परीने काम करत होतो. दांड्याजवळून थोडं तेल झिरपायचं. या वयात घाम येणारच, त्यात विशेष काय? मला खुपायचं ते थोरलीचं चालवणं. उजवं वळण आलं की ती वेग इतका कमी करायची की सायकलवाला पुढे निघून जावा. डाव्या वळणाला ठीक, उजव्याला मात्र गोगलगाय. बापाचा हात हिच्यात उतरला नाही, असं मी मनाशी म्हणायचो.

आता जावयांकडे येऊ. यायला नको वाटतं, पण यायलाच हवं.

थोरलीचा नवरा पडदेवाला. मोठं दुकान, रविवारी तुडुंब गिऱ्हाईक. धाकटीचा नवरा टाइल्सवाला. त्याचंही दुकान रविवारीच भरायचं. म्हणजे दोघेही साडू एकाही फेरीला कधी आले नव्हते. सासऱ्यांच्या बैठकीत जेवायला बसले की समोर चषकांचं कपाट. त्यावरून दोघांनीही परस्पर ठरवून टाकलं होतं की आपले सासरे म्हणजे तरुणपणीचे रेसवाले. एका शब्दाने विचारलं असतं तर कळलं असतं. पण साडू समोर असताना विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. साडू आणि शेजारी यांच्यापुढे अज्ञान दाखवण्यापेक्षा माणूस विहिरीत उडी घेईल.

एके दुपारी दोघं माझ्या बाजूच्या मडगार्डला टेकून उभे राहिले. म्हणजे माझ्या डोक्यावरच. हातात एकच फोन, त्यात दोघांची नाकं.

“यंदा थोरली बाबांना घेऊन जाणार म्हणे घाटावर,” टाइल्सवाला म्हणाला. “आपल्याकडून काहीतरी सरप्राइज हवं, साडूभाऊ.”

“तेच म्हणतोय मी. गाडी जुनी झाली. सस्पेन्शन बदलून टाकू. बजेटमध्ये बसणारं.”

“बजेटमध्येच. उगाच नावाजलेल्या कंपनीचं घेऊ नका. नावाचे पैसे लावतात हो. टाइल्समध्ये मी रोज बघतो, आतली माती तीच असते.”

हा माणूस आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला याच्या बरोबर उलटं सांगतो, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

“हे सोनेरी बघा,” तो पुढे म्हणाला.

“सोनेरी नको. हिरव्यावर जांभळा उठून दिसतो.”

“दिसणार कुठे? चाकाच्या आत असतो तो.”

“चाकाच्या फटीतून दिसतो. पडद्यालासुद्धा अस्तर चांगलं लागतं, साडूभाऊ. बघणाऱ्याला कळतं.”

मग अभिप्रायांचं वाचन झालं. एकाने लिहिलं होतं, ‘पॅकिंग छान होतं.’ पाच तारे. दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘अजून बसवले नाहीत, पण दिसायला भारी.’ पाच तारे. तिसऱ्याने लिहिलं होतं, ‘गाडी आडदांड उसळते, पाठ गेली.’ एक तारा.

“हा मेला रडका दिसतोय,” पडदेवाला म्हणाला.

“याला बसवता आलं नसेल,” टाइल्सवाला म्हणाला, आणि बोटाने त्या एकमेव खऱ्या माणसाला वर सरकवून टाकलं.

“शर्यतीला कडकच लागतात ना?”

“अर्थात! आणि गाडी खाली बसवली की वळणाला चिकटून जाते.”

“हो हो, ते तर आहेच.”

दोघांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. गाडी कोणासाठी, कोण बसणार, त्याची पाठ कशी, रस्ता कसा, यातला एकही प्रश्न कोणाच्या तोंडून आला नाही. आणि जिच्या हातात चाक असणार, ती त्या क्षणी घरात बापाच्या पाठीला शेक देत होती. दहा पावलांवर.

थोरली दवाखान्यात गेल्याचं बघून त्यांनी ‘सर्व्हिसिंग करून आणतो, बाबा’ असं सांगून गाडी नेली ती टाइल्सच्या गोदामात. तिथे एक मेकॅनिक बोलावला होता. त्याने खोकं उघडलं, जांभळा शॉकअप हातात घेऊन उलटासुलटा केला.

“साहेब, हे कोणत्या गाडीचे?”

“कुठल्याही गाडीला चालतात.”

“बरं. तुम्ही म्हणाल तसं,” मेकॅनिक म्हणाला. त्याला जे वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण ते बोलून दाखवायचे त्याला कोणी पैसे देणार नव्हतं. त्याने पान्याने आमचे नट सोडवले आणि आम्हाला चौघांना स्प्रिंगांसकट फरशीवर निजवलं. शेजारीच ते चार जांभळे दिवटे आपापल्या बुटक्या स्प्रिंगा घेऊन पडले होते. अंगावर कारखान्याच्या खुणेचा पत्ता नाही, रंग मात्र असा की लग्नाच्या मांडवात उभे करावेत.

मी म्हातारा, म्हणून आपणहून विचारलं, “बाळा, पोटात तेल किती?”

“मला पाच तारे आहेत,” तो म्हणाला.

“तेल विचारलं मी.”

“माझ्या डोक्यावर खटक्यांची चकती आहे. फिरवली की मी कडक होतो किंवा मऊ होतो.”

“आणि तुला स्वतःला काय व्हायला आवडतं?”

यावर तो गप्प बसला. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण या पाण्याला तेवढाही नव्हता.

दिवटे बसले. मेकॅनिक जेवायला गेला. उरलं होतं ते खटके लावणं, आणि ते दोघा जावयांनी आपल्या अंगावर घेतलं. पडदेवाला डाव्या बाजूला बसला, टाइल्सवाला उजव्या. पडदेवाल्याने चकती आधी पूर्ण सैल केली आणि तिथून थोडेच खटके मोजत कडक करत आला. टाइल्सवाल्याने आधी पूर्ण आवळली आणि तिथून तेवढेच खटके मोजत सोडत आला. आकडा दोघांचा एक, सुरुवात मात्र उलट्या टोकांकडून.

“तेवढेच ना?” डावीकडून आवाज आला.

“तेवढेच,” उजवीकडून आला.

“कुठून मोजले?” एवढे दोन शब्द कोणीतरी बोलायला हवे होते. कोण बोलणार? मेकॅनिकनेही परत आल्यावर ते तपासलं नाही. आता गाडीची डावी बाजू बिनकण्याची झाली होती आणि उजवी दगडाची. आम्हाला पडद्याच्या एका जुन्या नमुन्याच्या कापडात गुंडाळून डिकीत टाकलं. भंगारवाल्याकडे जायचं राहून गेलं होतं, एवढं आमचं नशीब.

फेरी परवावर आली होती. संध्याकाळी थोरली आली आणि फाटकात गाडी बघून जागच्या जागी थांबली. गाडी जमिनीला टेकायची तेवढी बाकी होती.

“सरप्राइज!” दोघे साडू एकसुरात म्हणाले.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग वाकून चाकाच्या फटीत डोकावली.  बाप पेला घेऊन उभा होता, त्याला तिने हाताला धरून आणलं. गाडी इतकी खाली गेली होती की त्यांना आत बसवायला तिला त्यांचे पाय एकेक करून उचलून ठेवावे लागले. मी डिकीत होतो, पण खुर्चीचं करकरणं आणि म्हाताऱ्याच्या नाकातून निघालेला श्वास मला ऐकू आला.

गाडी फाटकाबाहेर पडली, आणि मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आम्ही नसतो तेव्हा रस्ता कसा असतो. लहानशा खाचेत चाक गेलं तरी उजवीकडून हातोडा बसायचा. डावीकडे तेवढ्यात झोका सुरू व्हायचा आणि थांबता थांबायचा नाही. आम्ही चौघं कापडासकट डिकीत एकमेकांवर आपटत होतो. मग स्पीडब्रेकर आला. थोरलीने तो मुंगीच्या पावलाने घेतला, तरी गाडीचं पोट त्यावर खरवडलं गेलं.

“आई गं,” म्हातारा म्हणाला. अगदी हळू.

“बाबा! पाठ?”

“काही नाही. चालव.”

“पाणी?”

“पाणी माझ्या मांडीवर आहे.”

तिने गाडी कडेला घेतली. 

“परवा तू जा,” ते म्हणाले. “पेला तुझ्या एखाद्या मैत्रिणीकडे दे. मला काही हे जमायचं नाही आता.”

“तुम्ही नाही तर मी कशाला जाऊ?”

“अगं, माझा हात पूर्वीसारखा राहिला नाही. मला वाटत होतं राहिलाय.”

मला तिथेच फुटावंसं वाटलं. हात याचा गेला नव्हता, अक्कल त्या दोघांची गेली होती, आणि दोष मात्र हा बिचारा स्वतःच्या माथी घेत होता. डोळे गेले तेव्हाही माणूस असा खचला नव्हता.

गाडी चालत्या माणसाच्या वेगाने परत आली. दोघे जावई फाटकातच होते.

“कसं वाटलं, बाबा? एकदम रेसिंग ना?” टाइल्सवाल्याने विचारलं.

“रेसिंग?”

“नाही म्हणजे, घाटावरच्या शर्यतीला जरा कडकच...”

“शर्यत कुठली?” थोरली गाडीतून उतरत म्हणाली. “भरलेला पेला न सांडता वर न्यायचा असतो. बाबांच्या हातात रोज संध्याकाळी पेला असतो, तो तुम्हाला काय वाटला? तहान लागते त्यांना?”

पडदेवाल्याचं तोंड त्याच्याच दुकानातल्या विरलेल्या पडद्यासारखं झालं. टाइल्सवाला मात्र म्हणाला, “नाही, ते माहीत होतं मला.” अजूनसुद्धा! गाडीचं पोट खरवडलं, सासऱ्याची विजार भिजली, तरी याला माहीतच होतं.

म्हातारा गाडीतच बसून होता. त्याने तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं.

“इतकी वर्षं जेवायला येता,” तो म्हणाला. “चषकांच्या समोर बसता. एकदा विचारायचं होतं, बाबा, हे कसले? मला सांगायला आवडलं असतं हो.”

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. टाइल्सवाल्याने खाली बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला काहीही माहीत नव्हतं.

“जुने शॉकअप कुठे आहेत?” थोरलीने विचारलं.

“डिकीत,” नवरा पुटपुटला.

डिकी उघडली. उजेड आला. मित्रांनो, मी छाती फुगवली. आता कळेल यांना, मी म्हटलं. आता ही मला हातात घेईल, जावयांच्या नाकासमोर धरेल आणि म्हणेल, हा बघा खरा शॉकअप.

तिने मला हातात घेतलं. गुडघ्यावर टेकवून माझा दांडा दाबला आणि सोडला. मी फुस्स केलं, आणि फार सावकाश, धापा टाकत वर आलो. तिचे तळवे तेलाने काळे झाले.

“हा तर गेलेलाच आहे,” ती म्हणाली. “कधीचाच. बाकीचे तिघं बरे आहेत.”

“मग तू बोलली नाहीस ते?” नवऱ्याने विचारलं.

“कोणी विचारलं मला? उजव्या वळणाला सगळा भार या डाव्यावर येतो. म्हणून तिथे मी आधीच वेग कमी करते. याच्यावर काही पडूच देत नाही.”

“मला ऐकू यायचा तो,” म्हातारा आतून म्हणाला. “फुस्स करतो. फुस्स झालं की मी पेला आतल्या अंगाला कलता धरायचो.”

म्हणजे बघा. त्या बापलेकीला मी रोज सांभाळत होतो असं मी समजत होतो. प्रत्यक्षात ती चाकावरून आणि तो पेल्यावरून, दोघं मिळून मला सांभाळत होते. आणि मी तिला गोगलगाय म्हणत होतो! जावयांना हसायला मला जी जागा हवी होती, ती तेवढ्या वाक्यात अर्धी माझ्याखालून सरकली. मी उरलेल्या अर्ध्या जागेवर बसून त्यांचा तिरस्कार करत राहिलो, कारण तो त्यांनी कमावलेला होता.

दुसऱ्या दिवशी तोच मेकॅनिक आला आणि आम्ही परत आपापल्या जागी लागलो. एवढ्या घाईत नवा काळा शॉकअप मिळणं शक्य नव्हतं. या वेळी थोरली शेजारी उभी होती. “शेवटचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावरच आवळा, नाहीतर आतली रबरं पिळून बसतात,” ती म्हणाली, आणि मेकॅनिकने यावेळी ‘तुम्ही म्हणाल तसं’ न म्हणता नुसतं “बरोबर आहे, ताई,” असं म्हटलं. जावयांना तिने दिवा धरायला लावला. दोघांनी एकच दिवा धरला.

आणि रविवारी आम्ही घाट चढलो. म्हाताऱ्याने पाठीला उशी लावली होती आणि काच खाली केली होती. पेला काठोकाठ. डावी वळणं, उजवी वळणं, मधे सरळ रस्त्याचे तुकडे. उजवीकडे वळताना ती वेग सोडायची, मी फुस्स करायचो, तो पेला कलता धरायचा. तिघांत शब्दही झाला नाही. सगळ्यात वर एक मोठं उजवं वळण होतं, गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं. मी सगळं बळ एकवटून भाराची वाट बघत राहिलो. भार आलाच नाही. तिने गाडी त्या वळणावरून अशी नेली, जसा ती दवाखान्यात एखादा मोडून बसवलेला हात वळवत असेल. मी उगाच ताणून बसलो होतो.

त्या वळणाच्या कठड्याशी दोन माणसं उभी होती. भर रविवारी दोघांनीही दुकानं बंद ठेवली होती. पडदेवाला टाळ्या वाजवत होता. टाइल्सवाला शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होता, “अहो, हे पाणी मोजतात कसं?” विचारत होता, हे मी या कानांनी ऐकलं. म्हणजे ऐकलं म्हणायचं, मला कान कुठले.

वर पाणी मोजलं. आमचा नंबर पहिला आला नाही, दुसराही नाही, मधेच कुठेतरी आला. चषक नाही मिळाला. पण पेल्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी होतं. म्हाताऱ्याने त्यात बोट बुडवून पातळी बघितली, पुन्हा बुडवली, आणि मग ते पाणी पिऊन टाकलं.

“हात आहे अजून,” तो म्हणाला.

यानंतरचं थोडक्यात सांगतो. थोरलीने नवे शॉकअप घेतले. घेण्याआधी बापाला शेजारी बसवून फेरीतल्या एकाच्या, मग दुसऱ्याच्या गाडीतून फिरवून आणलं आणि विचारलं, “बाबा, ऐका. पाठीला कसं वाटतंय सांगा.” शेवटी आले ते साधे, काळे, ना खटके ना तारे. महागही नव्हते. स्वस्त घेण्यात काही पाप नाही, मित्रांनो. कशासाठी घेतो हे न विचारता घेण्यात आहे. जांभळ्या दिवट्यांना टाइल्सवाल्याने ‘फक्त एकदाच वापरलेले’ असं लिहून विकायला काढलं, आणि ते घेणारा भेटलासुद्धा. त्याने रंग विचारला म्हणे.

माझ्या तीन भावंडांचं काय झालं मला माहीत नाही. मी थोरलीच्या दवाखान्यात असतो. गुडघे दुखणाऱ्यांना ती मला दाबून दाखवते आणि म्हणते, “बघा, वंगण संपलं की असं होतं.” माझ्यासारख्याने आयुष्याच्या शेवटी दुसऱ्यांच्या गुडघ्यांची उपमा व्हावं! पेशंट माझ्याकडे बघून माना डोलावतात. निम्म्यांना काही कळलेलं नसतं. कळलं नाही असं मात्र एकही म्हणत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं झालं ते झालं. तुमच्या घरात कोणी रोज संध्याकाळी भरलेला पेला घेऊन फाटकाशी उभं राहत असेल, तर तो पेला कसला एवढं त्याला विचारा. विचारल्याने तुमचं काही झिजत नाही.

परवा म्हातारा पाठीच्या शेकासाठी दवाखान्यात आला होता. आता त्याला ढगसुद्धा दिसत नाहीत. बाकावर बसला, हात चाचपडला आणि मी हाताला लागलो. त्याने मला उभं धरलं, तळव्याने दाबलं. मी फुस्स केलं.

 त्याने मला कानाशी नेलं आणि पुन्हा दाबलं.

“पुढचा डावा,” तो म्हणाला. “अरे, तू इथे आहेस होय?”

  मी पुन्हा एकदा फुस्स केलं, आणि त्याने मला मांडीवर घेऊन बायकोच्या वेळच्या पहिल्या फेरीपासून सगळं सांगायला सुरुवात केली.